मामा-मामींना अटलांटिक सिटी दाखवताना

न्यू जर्सीत उन्हाळा लागला की मराठी घरांत पाहुणे यायला सुरुवात होते. कुणाचे आईवडील, कुणाचे सासूसासरे, कुणाचे काका-काकू. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापुढे फोटो झाले की जेवताना कुणीतरी विचारतंच, 'ते कॅसिनो असतात म्हणे इथं, एकदा बघायला मिळतील का?' विचारताना आवाज जरा खाली आलेला असतो. जुगारापायी घर बुडतं हेच ऐकत आपण वाढलो, आणि ते खोटंही नाही. पण ज्यांनी जन्मभर काटकसर केली त्यांना एखादी संध्याकाळ ते जग आतून बघावंसं वाटलं, तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त नेणाऱ्याला तिथले नियम नीट माहीत हवेत, विशेषतः पाहुणे भारतीय पासपोर्टवर, व्हिजिटर व्हिसावर आलेले असतील तर. ही माहिती मला इकडून तिकडून, तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात सांगलीच्या माझ्या मामा-मामींना घेऊन गेलो, तेव्हाचं सगळं सविस्तर लिहिते.

न्यू जर्सीत कॅसिनो फक्त अटलांटिक सिटी या एकाच गावात आहेत. १९७४ साली राज्यभर कॅसिनोंना परवानगी द्यायची का, यावर मतदान झालं आणि लोकांनी ते फेटाळलं. १९७६ साली तोच प्रश्न फक्त या एका गावापुरता विचारला, तेव्हा लोक हो म्हणाले. समुद्रकाठचं हे जुनं सुट्टीचं गाव तोवर पार ओसरलं होतं, त्याला उभारी मिळावी हा हेतू. २६ मे १९७८ ला रिसॉर्ट्स हा कॅसिनो सुरू झाला, नेवाडाबाहेरचा अमेरिकेतला पहिला कायदेशीर कॅसिनो. कॅसिनोंच्या ढोबळ मिळकतीवर आठ टक्के कर बसवला आणि तो पैसा राज्यातल्या वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी राखून ठेवला.

गाडीत हे सांगत होते तेव्हा मामा म्हणाले, 'अगं, आपल्याकडंही त्याच साली कायदा झाला होता.' मामा वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर, पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. त्यांचं बरोबर होतं. महाराष्ट्राचा कॅसिनो नियंत्रण आणि कर कायदा १९७६ चाच. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याचा जुगारबंदीचा कायदाही १९७६ चाच, पण तिथं पुढं त्यात दुरुस्त्या होत गेल्या, आधी पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची मशीन आली आणि मग मांडवीत बोटी उभ्या राहिल्या. मामीनं त्या बोटी पणजीच्या पुलावरून तेवढ्या पाहिल्या होत्या.

एडिसनहून अटलांटिक सिटी साधारण शंभर मैल. गार्डन स्टेट पार्कवेनं दक्षिणेला जायचं आणि ३८ए एक्झिटला अटलांटिक सिटी एक्स्प्रेसवे धरायचा. वाटेत टोल आहेत, ई-झीपास (टोल आपोआप भरणारं यंत्र) असू द्या. एरवी दोन तास पुरतात, शुक्रवारी संध्याकाळी मात्र निघू नका. गाडी नसेल तर न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटीहून न्यू जर्सी ट्रान्झिटची ३१९ नंबरची बस आहे, फिलाडेल्फियाहून रेल्वे आहे. आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलो. शनिवारी ज्या खोलीचे भरमसाट पैसे लागतात ती मधल्या वारी बरीच स्वस्त मिळते, आणि टेबलावर कमीत कमी किती लावायचे तो आकडाही मधल्या वारी खाली असतो. खोलीचा जाहिरातीतला दर हा शेवटचा दर नव्हे, त्यावर रिसॉर्ट फी, कर आणि पार्किंग येतं. ते आधी विचारून घ्या, नाहीतर पाहुण्यांसमोर काउंटरवर वाद घालायची वेळ येते.

आज गावात नऊ कॅसिनो आहेत. सहा समुद्रकाठच्या बोर्डवॉकवर: उत्तरेकडून ओशन, हार्ड रॉक, रिसॉर्ट्स, बॅलीज, सीझर्स आणि दक्षिणेला ट्रॉपिकाना. तीन मागच्या खाडीवर, मरिना भागात: बोर्गाटा, हॅराज आणि गोल्डन नगेट. मधे ये-जा करायला जिटनी नावाच्या छोट्या बस धावतात, शंभराहून अधिक वर्षं त्या इथं चालू आहेत. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी बोर्डवॉकवरचं हॉटेल घ्यायला सांगीन. खेळायचा कंटाळा आला की लिफ्टनं खाली उतरलं की समोर समुद्र. मरिनातली हॉटेलं झकपक आहेत, पण बाहेर पाय ठेवला की पार्किंगच.

घरातून निघायच्या आधी मी दोन गोष्टी केल्या. मामा-मामींचे मूळ पासपोर्ट बरोबर घेतले, झेरॉक्स नव्हे. आणि दोघांच्या हातात एकेक पाकीट दिलं, प्रत्येकी शंभर डॉलर. ठरलं असं, की हे पैसे नाटकाच्या तिकिटाला दिलेत असं समजायचं. संपले की खेळ संपला, उरले तर आपले. डेबिट कार्डं खोलीतल्या तिजोरीत. कॅसिनोतल्या एटीएमची फी जबरी असते, आणि क्रेडिट कार्डावर रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज. मामा म्हणाले, 'पाकीट कशाला? माझ्यावर विश्वास नाही होय?' मी म्हटलं, 'मामा, तुमच्यावर आहे. त्या हॉलवर नाही.' त्यांना ते पटलं. हॉल बांधणाऱ्यांनी घड्याळ, खिडकी, सरळ वाट, काहीही तुमच्या सोयीसाठी ठेवलेलं नसतं.

कायद्यानं वय एकवीस पूर्ण लागतं, आणि ते पांढऱ्या केसांकडे बघून सोडून देतील असं धरून चालू नका. आम्हाला एकदा जिन्यापाशी आणि एकदा कार्ड काढताना पासपोर्ट दाखवावा लागला. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना मशीनजवळ थांबू देत नाहीत, पॅसेजमधून चालत पलीकडे न्यायचं.

कार्ड म्हणजे प्रत्येक कॅसिनोचं सभासद कार्ड. ते फुकट असतं, पासपोर्टवर निघतं. मशीनमध्ये घालून खेळलं की तुम्ही एकूण किती पैसे फिरवले याची नोंद होते आणि त्या हिशेबानं जेवण, खोली, पार्किंग यांत सवलत मिळते. मामांनी लगेच विचारलं, 'हे देतात कशातून?' सरळ उत्तर असं, की तुमच्याकडून सरासरी किती येणार हे त्यांनी मोजलेलं असतं, त्यातलाच एक हिस्सा ते परत करतात. कार्ड जरूर घ्या, पण सवलत मिळावी म्हणून आणखी खेळू नका.

आत शिरल्यावर मामीला पहिला त्रास झाला तो धुराचा. न्यू जर्सीनं २००६ साली बंद जागांत धूम्रपानाला बंदी घातली, पण कॅसिनोंना त्यातून वगळलं. हॉलच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत जागेत आजही सिगारेट ओढता येते, आणि धुराला काही सीमा कळत नाही. तिथं आठ-आठ तास उभं राहून पत्ते वाटणाऱ्या लोकांना हा धूर रोज प्यावा लागतो, ते वर्षानुवर्षं याविरुद्ध झगडताहेत, २०२४ मध्ये कोर्टातही गेले. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं. पाहुण्यांना दम्याचा त्रास असेल तर धूम्रपान नसलेला भाग कुठे आहे ते आधी विचारा, आणि त्यातही सिगारेटच्या भागापासून लांबचा कोपरा धरा.

आता स्लॉट मशीनविषयी, म्हणजे पैसे घालून बटण दाबायचं आणि चित्रं जुळली की बक्षीस देणारं यंत्र. मामीला तिथंच बसायचं होतं, कारण टेबलावर माणसांसमोर खेळायचा तिला संकोच. मशीनवर 'एक सेंट' असं लिहिलेलं असतं आणि नवख्या माणसाला वाटतं, एका पैशात खेळ! प्रत्यक्षात एका वेळी कमीत कमी पन्नास, पंचाहत्तर, अठ्ठ्याऐंशी सेंट लावावे लागतात. राज्याच्या नियमानं मशीननं लांबच्या हिशेबात निदान ८३ टक्के परत द्यायला हवेत. म्हणजे जास्तीत जास्त सतरा टक्के ते ठेवू शकतात. समजा मशीन दहा टक्के ठेवतं. अठ्ठ्याऐंशी सेंटचा डाव, तासाला पाचशे वेळा बटण दाबलं, तर तासाला ४४० डॉलर फिरले आणि सरासरीनं ४४ गेले. मामांनी हा हिशेब तोंडी केला आणि मामीला म्हणाले, 'सावकाश दाब.' स्लॉटच्या बाबतीत याहून चांगला सल्ला मला माहीत नाही. मशीनचा वेग तुमच्या बोटावर असतो. बटण दाबून, चित्रं थांबेपर्यंत बघून, घोटभर पाणी पिऊन मग पुढचं बटण दाबलं तर शंभर डॉलर बराच वेळ पुरतात.

मशीनमध्ये नोट सरकवायची. उठताना 'कॅश आउट' दाबलं की कागदी तिकीट बाहेर येतं, ते दुसऱ्या मशीनमध्ये घालता येतं किंवा भिंतीशी असलेल्या यंत्रातून रोख घेता येते. मागे विसरलेलं तिकीट उचलू नका. ते दुसऱ्याचं असतं आणि वर कॅमेरे असतात. खेळणाऱ्याला पेय फुकट मिळतं, चहा-कॉफीसुद्धा. आणणाऱ्या बाईला एक-दोन डॉलर टिप द्यायची रीत आहे, तिचं पोट बरंचसं त्यावर चालतं.

मामांना ओढ होती रुलेटची, म्हणजे फिरत्या चाकावर चेंडू कुठल्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावायच्या खेळाची. टेबलाशी गेले आणि वीस-वीसच्या नोटा डीलरपुढे, म्हणजे टेबलावर खेळ चालवणाऱ्या बाईपुढे धरल्या. तिनं हसून हात मागे घेतला आणि टेबलाकडे बोट दाखवलं. हातातून हातात पैसे घ्यायचे नाहीत, हा तिथला पक्का नियम. नोटा टेबलावर ठेवायच्या, ती त्या कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरून मांडते, मोजते, पेटीच्या फटीतून आत ढकलते आणि मग चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, देते. रुलेटला प्रत्येक खेळाडूच्या चिप्सचा रंग वेगळा असतो, म्हणजे कुणाची चिप कुणाची यावर भांडण नको. या रंगीत चिप्स दुसऱ्या टेबलावर चालत नाहीत, उठताना तिथंच नेहमीच्या चिप्समध्ये बदलून घ्यायच्या. मामा हे सगळं मीटर रीडिंग तपासावं तसं एकाग्रतेनं बघत होते. चेंडू थांबला की डीलर जिंकलेल्या आकड्यावर एक छोटी बाहुलीसारखी खुंटी ठेवते, हरलेल्या चिप्स हाताच्या कडेनं ओढून घेते, मग जिंकणाऱ्यांचे पैसे मोजून पुढे सरकवते. खुंटी उचलेपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही. मोबाइल टेबलावर वापरायचा नाही. टेबल सोडून जाताना डीलर दोन्ही हात एकमेकांवर आपटून उलटसुलट करून दाखवते, हातात काही नाही हे वरच्या कॅमेऱ्याला कळावं म्हणून.

चाकावर अडतीस घरं: एक ते छत्तीस, शून्य आणि दुहेरी शून्य. एका आकड्यावर लावलं तर पस्तीस पट मिळतं आणि लावलेली रक्कम परत, म्हणजे एकूण छत्तीस पट, पण घरं अडतीस. तो फरक म्हणजे कॅसिनोचा वाटा, ५.२६ टक्के. अटलांटिक सिटीचा एक चांगला नियम मात्र इथल्या बऱ्याच लोकांनाही माहीत नसतो. लाल-काळा, सम-विषम, लहान-मोठा असे दुप्पट देणारे डाव लावले आणि शून्य किंवा दुहेरी शून्य आलं, तर तुमची निम्मीच रक्कम जाते, निम्मी परत मिळते. त्यामुळे या डावांवर कॅसिनोचा वाटा निम्म्यावर, २.६३ टक्क्यांवर येतो. हे सांगितल्यापासून मामांनी लालखेरीज कुठं चिप ठेवली नाही. ती डीलर बाई बांगलादेशी होती, बांगलादेशी लोकांची वस्ती या गावात मोठी आहे. मामीशी तिनं हिंदीत चार शब्द बोलून घेतले आणि मामांना 'अंकल, स्लो, स्लो' म्हणत राहिली. मामांचं पाकीट शेवटी थोडं हलकं झालं, पण चेहरा खुलला होता.

ब्लॅकजॅक (पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ नेण्याचा खेळ) खेळायचं असेल तर टेबलावर छापलेलं आधी वाचा. जिथं ब्लॅकजॅकला, म्हणजे पहिल्या दोनच पत्त्यांत एकवीस झाले की, ३:२ मिळतात तिथंच बसा, ६:५ च्या टेबलावर बसू नका. पंधरा डॉलरच्या डावावर पहिल्या ठिकाणी साडेबावीस मिळतात, दुसऱ्या ठिकाणी अठराच. रमी पक्की येणाऱ्या मामांनी विचारलं, गेलेले पत्ते लक्षात ठेवले तर चालतं का? चालतं. १९८२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानंच निकाल दिला, की पत्ते मोजतो म्हणून एखाद्याला कॅसिनोनं बाहेर काढायचं नाही. त्यावर कॅसिनोंचा उपाय असा, की संशय आला की ते पत्ते लगेच पिसतात.

संध्याकाळी आम्ही बोर्डवॉकवर फिरलो. लाकडी फळ्यांचा हा रस्ता पहिल्यांदा १८७० साली बांधला, समुद्रावरून येणारी माणसं हॉटेलांत आणि आगगाडीच्या डब्यांत वाळू आणत म्हणून. आता तो मैलोगणती पसरलाय. चाकांच्या खुर्च्या ढकलत नेणारे लोक अजून आहेत, मामीचे गुडघे दुखत होते म्हणून एक केली. भाडं आधी ठरवा. हार्ड रॉकपुढे आलो तेव्हा मामांना सांगितलं की इथंच १९९० साली ट्रम्प यांनी ताजमहाल नावाचा कॅसिनो उघडला होता. २०१६ मध्ये तो बंद पडला आणि त्याच इमारतीत २०१८ साली हार्ड रॉक आला. २०१४ या एका वर्षात तर इथले चार कॅसिनो बंद झाले आणि सुमारे आठ हजार माणसांची नोकरी गेली. शेजारच्या राज्यांनी आपापले कॅसिनो काढले, मग इतक्या लांब कोण येणार? एका उद्योगावर उभं राहिलेलं गाव कसं असतं, हे सांगलीच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

परत येताना खुर्ची सोडून आम्ही एक गल्ली आत, पॅसिफिक ॲव्हेन्यूनं आलो. समुद्राच्या बाजूनं सगळा लखलखाट, आणि या बाजूला बंद दुकानं, मोकळे भूखंड, आणि एकामागोमाग एक पाट्या: सोनं विकत घेतो, दागिन्यांवर रोख. मामी एका काचेशी थांबली. आत लग्नाच्या अंगठ्या ओळीनं मांडलेल्या होत्या, प्रत्येकीला दोऱ्यानं किमतीची चिठ्ठी बांधलेली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, 'इथंपण बायकांचंच सोनं मोडतात गं.' मला काही बोलता आलं नाही. पाहुण्यांना कॅसिनो दाखवायचा तर हा रस्ताही दाखवा, असं मला वाटतं. दोन्ही मिळूनच ते गाव पूर्ण होतं.

बाकावर टेकलो तर आमचं मराठी ऐकून एक आजोबा जवळ आले. मूळचे पुण्याचे, मुलाकडे ग्रीन कार्डावर राहणारे. दर आठवड्याला बसनं येतात, म्हणाले. मामांनी विचारलं, जिंकता का? ते म्हणाले, 'जिंकायला कुठं येतो? घरी सकाळी आठ ते संध्याकाळी सात कुणी नसतं. गाडी येत नाही. इथं निदान माणसं दिसतात.' मुलाला माहीत आहे का, हे विचारायचं मामांच्या ओठावर आलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही. आजोबांनीच सांगितलं, की पेन्शनचं पुण्यातलं खातं मुलगा बघत नाही.

एडिसनमध्ये, पार्सिपनीत, आपल्या सगळ्यांच्या घरांत असे आईवडील आहेत. दिवसभर एकटे, हातात थोडे पैसे, आणि शिवाय आता तर बसही लागत नाही. २०१३ पासून न्यू जर्सीत फोनवर कायदेशीर कॅसिनो खेळता येतो, २०१८ पासून सामन्यांवर पैसेही लावता येतात. घरात कुणाचं लक्षण तसं दिसलं तर ओरडण्यापेक्षा दोन गोष्टी करा. १-८००-४२६-२५३७ हा जुगाराच्या व्यसनासाठी मदत देणारा फोन नंबर आहे, तो घरच्यांसाठीही आहे. आणि राज्याच्या गेमिंग एन्फोर्समेंट विभागाकडे माणूस स्वतःचं नाव नोंदवून ठराविक मुदतीसाठी स्वतःवरच बंदी घालून घेऊ शकतो. मग त्या मुदतीत त्याला राज्यातल्या कॅसिनोंत खेळता येत नाही. नाव त्या व्यक्तीनं स्वतः द्यावं लागतं, मुलाला परस्पर देता येत नाही. म्हणूनच आधी बोलणं व्हायला हवं, आणि त्याच्याही आधी त्यांना आठवड्यातून दोन दिवस कुठंतरी नेणारं कुणीतरी हवं. लायब्ररी, सीनिअर सेंटर, मंडळाची भजनं, काहीही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मामी उरलेले पैसे घेऊन पुन्हा मशीनशी बसली. हॉल बराच रिकामा होता. तिनं बटण दाबलं, चित्रं फिरली, बोनसची घंटा वाजायला लागली, आकडा चढत चढत १,४५० वर थांबला आणि मशीन बंद पडलं. वरचा दिवा लुकलुकायला लागला. मामी घाबरून उठूनच उभी राहिली. 'बिघडलं का गं?'

बिघडलं नव्हतं. तेव्हाच्या नियमानं एका डावात १,२०० डॉलर किंवा जास्त लागले की मशीन आपोआप अडकायचं आणि पैसे माणसाच्या हातून मिळायचे. २०२६ पासून ही मर्यादा २,००० आहे. अशा वेळी मशीन सोडून कुठंही जायचं नाही. पाच-दहा मिनिटांत कॅसिनोचा माणूस आला. त्याचा पहिला प्रश्न होता, बटण कुणी दाबलं? ज्यानं दाबलं त्याचे पैसे, नोट कुणाची होती याला महत्त्व नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या एका बाईनं मला हळूच सुचवलं, तू दाबलं म्हण, तुझा कर कापणार नाहीत. तिचा हेतू चांगला होता, आणि तिथल्या तिथं कर कापला गेला नसता हेही खरं. मी इथली करदाती, माझ्या बाबतीत फक्त डब्ल्यू-टू-जी नावाचा, जिंकलेली रक्कम कर खात्याला कळवणारा फॉर्म भरून त्यांनी पूर्ण पैसे दिले असते. पण खोटं ते खोटं, वर कॅमेरा, आणि मामी व्हिसावर आलेली. मी मामीकडे बोट दाखवलं.

त्यानं पासपोर्ट मागितला. इथल्या माणसाला सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात, परदेशी पाहुण्याला देश आणि पत्ता विचारतात. सांगलीचा पत्ता लिहून घेताना पिनकोड दोनदा तपासला. मग त्यानं शांतपणे सांगितलं, की अनिवासी परदेशी व्यक्तीच्या स्लॉटच्या बक्षिसातून तीस टक्के फेडरल कर कापावा लागतो. काही देशांचे अमेरिकेशी यातून सूट देणारे करार आहेत. भारताच्या करारात ही सूट नाही. ४३५ डॉलर कापले, १,०१५ हातात आले. दुसरी एक कर्मचारी साक्षीला आली, तिच्यासमोर नोटा मोजल्या, मामीनं सही केली, त्यानं किल्ली फिरवून मशीन मोकळं केलं. कापलेल्या कराचा फॉर्म १०४२-एस, त्याची प्रत तिथंच मिळाली. ती जपून ठेवा. दोघांना मिळून वीस डॉलर टिप दिली.

मामा सगळं ऐकत होते. त्यांनी त्या माणसाला विचारायला लावलं, की काल मी रुलेटवर जिंकलो असतो तर? उत्तर ऐकून ते खूश झाले. ब्लॅकजॅक, बॅकरा, क्रॅप्स, रुलेट आणि बिग सिक्स चाक, या पाच खेळांत अनिवासी पाहुण्याला लागलेल्या पैशांवर हा कर नाही. तीस टक्क्यांची कात्री आहे ती मशीनवाल्यांना. आणखी एक: अमेरिकी नागरिकाला जिंकलेल्यातून हरलेले वजा दाखवायची सोय असते, आपल्या पाहुण्यांना ती नाही. आदल्या संध्याकाळी मामीचे चाळीस डॉलर गेले होते, ते या हिशेबात कुठंच आले नाहीत.

मामी म्हणाली, 'झालं आता, उठा.' पाकिटात पैसे शिल्लक असूनही ती पुन्हा बसली नाही. त्यातून तिनं सुनेला बूट घेतले, बोर्डवॉकवरची सॉल्टवॉटर टॅफी घेतली, उरलेले डॉलर पर्समध्ये ठेवले.

सांगलीला परतल्यावर मामांनी १०४२-एस ची प्रत त्यांच्या सीएकडे दिली. भारतातला रहिवासी असेल तर परदेशातलं असं उत्पन्नही विवरणपत्रात दाखवावं लागतं, आणि जुगारातल्या कमाईवर आपल्याकडेही सपाट तीस टक्केच कर आहे, वर सेस. अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट मिळते, पण तेव्हा त्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागत होता. सीएनं तो भरला. मामीला वर भरावा लागला तो जवळपास सेसच तेवढा. मामांनी फोनवर सांगितलं की त्यांच्या सीएनं हा फॉर्म कॅसिनोसाठी पहिल्यांदाच भरला, आणि प्रत स्वच्छ होती म्हणून काम एका बैठकीत झालं. त्यामुळे तिथून निघताना प्रतीवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळतंय ना, हे काउंटरसमोरच तपासून घ्या. आपल्या लोकांची मधली नावं तिथं हमखास आडनावाला चिकटतात.